निवृत्तीनंतरची होडी: चिखल, रस्ता आणि गुडघे

शिडाची होडी घ्यायची म्हटले की माणूस आधी समुद्राकडे पाहतो. लाटा किती उंच, वारा किती, किती लांब जाता येईल, हे प्रश्न त्याला पडतात. ते चुकीचे नाहीत, पण पालघरच्या किनाऱ्यावर ते नंतरचे आहेत. इथे होडीची निवड आधी तीन गोष्टी ठरवतात: खाडीतला चिखल, घरापासून खाडीपर्यंतचा रस्ता आणि साठीनंतरचे आपले गुडघे. या तिन्हींना मानवणारी होडीच समुद्राला वारंवार भेटते. बाकीच्या होड्या ताडपत्रीखाली पडून राहतात.

सरावली, बोईसर, तारापूर या पट्ट्यात अणुऊर्जा केंद्रात, एमआयडीसीच्या कारखान्यांत, रेल्वेत, बँकांत आणि शाळांत उभे आयुष्य काढलेली माणसे ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी मोकळी होतात. समुद्र गाडीने जाण्याच्या अंतरावर असतो, पण त्याच्याशी नाते बहुधा रविवारी केळव्याला जाऊन येण्यापुरते राहिलेले असते. ट्रेलरवर बसणारी लहान शिडाची होडी हे नाते बदलू शकते. या प्रकरणात आपण ती कशी निवडायची ते पाहू.

आधी पाण्याचा हिशेब

होडी निवडण्याची बहुतेक पुस्तके परदेशी आहेत. त्यांत भरतीबरोबर वरखाली होणारे धक्के, पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार आणि अष्टौप्रहर पुरेसे पाणी गृहीत धरलेले असते. आपल्याकडे उधाणाची भरती मुंबईत ४.५ मीटरच्या वर जाते. उत्तरेला खंभातच्या आखाताकडे सरकावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढतो आणि भावनगरच्या बाजूला तो १० मीटरच्या घरात पोचतो. पालघरचा किनारा या दोहोंच्या मध्ये आहे. शिवाय तो उथळ आहे. ओहोटीला पाणी लांबवर मागे हटते आणि सातपाटी-मुरबे खाडीत मच्छीमारांच्या मोठ्या बोटी चिखलात टेकून उभ्या राहतात. भरती आली की त्या तरंगतात आणि मगच बाहेर पडतात. सातपाटीच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, घड्याळ नंतर आठवते, आधी तिथी.

आपण त्याच्याकडून पहिला धडा घ्यायचा तो तिथीचा. कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास असतात, त्यामुळे सकाळची वेळ कळली की संध्याकाळचीही कळते. नेमकी वेळ आणि उंची छापील तक्त्यातून घ्यायचीच, पण आडाखा डोक्यात असला की आठवड्याचा बेत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून ठरवता येतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते: भरती मोठी, ओहोटी खोल आणि प्रवाह जोराचा. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो: पाणी कमी चढते, कमी उतरते आणि प्रवाहही मंदावतो. निवृत्त माणसाला रविवारची वाट पाहावी लागत नाही. त्याने आपला समुद्रावरचा दिवस भांगाचा निवडावा. नोकरीत असताना ही चैन परवडत नाही.

लहान होडीची मोठी परंपरा

शिडाच्या प्रवासात मराठी मुलखाचे नाव लहान नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी ठरले. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' मुंबईच्या कारागिरांनी सागवानात बांधली होती. पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी १९८३ मध्ये नौदलातून निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहू लागले. एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी मारावी, हा ध्यास त्यांनी निवृत्तीतही सोडला नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून या फेरीवर निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. तेव्हा आवटी ८२ वर्षांचे होते. निवृत्तीनंतर समुद्राचे काय करायचे, याचे याहून थोर उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही.

'म्हादेई' मात्र ट्रेलरवर बसत नाही. आपल्या मापाची उदाहरणे थोडी लांबची आहेत. फ्रँक डाय या इंग्रज गृहस्थाने १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंड गाठले आणि पुढच्या वर्षी नॉर्वे. त्यांची 'वेफेअरर' जातीची होडी उघडी, १५ फूट १० इंच लांब आणि जेमतेम १६९ किलोची होती. अमेरिकेचे वेब चाइल्स यांनी २४ फुटी, ट्रेलरवर नेता येणाऱ्या 'गॅनेट'मधून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली ती २०१९ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी. ही साहसे कित्त्यासाठी सांगत नाही. होडी लहान आहे म्हणून ती कच्ची नसते आणि वय झाले म्हणून खलाशी संपत नाही, एवढे त्यांतून ठामपणे कळते.

कोणती जात?

होडी शिडाच्या जोराने आडवी सरकू नये म्हणून तळाखाली काहीतरी खोल जाणारे हवे. ते काय आहे यावर होडीची जात ठरते, आणि आपल्या किनाऱ्यावर तिचे भवितव्यही.

पहिली जात स्थिर, खोल कीलची. तळाखाली लोखंडाचा किंवा शिशाचा जड पंखा कायमचा बसवलेला. खोल समुद्रात ही होडी भरवशाची. पण मुरब्याच्या खाडीत ओहोटीला ती कुशीवर आडवी होईल, आणि ट्रेलरवरून उतरवायला छातीभर पाणी लागेल. ती आपण सोडून द्यावी.

दुसरी जात जुळ्या कीलची. तळाला दोन आखूड पंखे असल्याने ती चिखलावर सरळ उभी राहते. इंग्लंडच्या भरती-ओहोटीच्या खाड्यांत ती म्हणूनच लोकप्रिय झाली. कायम खाडीत नांगरून ठेवायची असेल तर ती उत्तम. पण ती जड असते आणि रोज ट्रेलरवर चढवण्याजोगी नसते.

तिसरी जात झुलत्या कीलची. अमेरिकेत १९७० च्या सुमारास आलेली 'कॅटालिना २२' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. जड कील चरकीने वर ओढता येते, आत झोपायला जागा असते, उलटण्याची भीती कमी. पण होडीच हजार किलोच्या आसपास. ट्रेलर, इंजिन आणि सामान धरले तर ती ओढायला दमदार गाडी आणि उतरवायला पक्का उतार हवा. पालघरच्या किनाऱ्यावर या दोन्हींची खात्री देता येत नाही.

चौथी जात पाण्याच्या वजनाची. 'मॅकग्रेगर २६' सारख्या होडीत तळाच्या टाकीत पाचशे किलोहून अधिक समुद्राचे पाणी भरून घेतात आणि परत येताना ते सोडून देतात. रस्त्यावर हलकी, पाण्यात जड, ही कल्पना सुरेख आहे. तरी २६ फुटांची लांबी सोसायटीच्या आवारात ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

पाचवी जात उघड्या किंवा अर्ध्या झाकलेल्या, सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून वर ओढता येणाऱ्या फळीच्या होडीची. 'वेफेअरर' याच जातीतली. हिच्यातली वयाला अधिक मानवणारी होडी म्हणजे 'ड्रासकोम लगर'. जॉन वॅटकिन्सन यांनी आखलेली, १८ फूट ९ इंच लांब, सुमारे ३४० किलोची. सेंटरबोर्ड वर घेतला की तिला वीतभर पाणी पुरते, खाली सोडला की सव्वा मीटर खोल जातो. डोलकाठ्या दोन आणि दोन्ही आखूड, शिडे तीन आणि तिन्ही लहान. वारा वाढला की मधले मोठे शीड गुंडाळून पुढच्या आणि मागच्या लहान शिडांवर ती शांतपणे चालते. नाळेपासून मागपर्यंत उंच काठ असल्याने आत बसलेल्या माणसाला सुरक्षित वाटते. वल्हीही मारता येतात.

आपल्या किनाऱ्यासाठी मी पाचव्या जातीच्या बाजूने आहे. आकड्यांत सांगायचे तर १६ ते १९ फूट लांबी, १७० ते ३५० किलो वजन, सेंटरबोर्ड आणि सुकाणू दोन्ही वर उचलता येणारे आणि टेकल्यावर फारसा न कलंडणारा तळ. याला आणखी एक स्थानिक कारण आहे. या समुद्रात डोल जाळ्यांसाठी खांब रोवलेले असतात. मच्छीमार त्यांना कव म्हणतात. कवीपासून दूर राहायचेच. पण जाळ्याचा तरंगता दोर चुकून तळाखाली आला तर उचलता येणारा सेंटरबोर्ड आणि सुकाणू त्यावरून निसटतात. स्थिर कील तिथेच अडकते, आणि नुकसान आपल्यापेक्षा जाळ्याच्या मालकाचे अधिक होते.

रस्ता: जिथे होडी खरी झिजते

लहान होडीचे आयुष्य पाण्यापेक्षा ट्रेलरवर अधिक जाते. म्हणून निम्मे लक्ष ट्रेलरकडे द्यावे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे आरटीओकडची नोंदणी, क्रमांकाची पाटी, मागचे दिवे हे आधी निस्तरून घ्यावे. आपल्या गाडीला किती ओढण्याची परवानगी आहे, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. बऱ्याच लहान गाड्यांना ती नसतेच. ३४० किलोची होडी, दीडदोनशे किलोचा ट्रेलर, इंजिन, नांगर, पाणी आणि दोर मिळून वजन सहाशेच्या पुढे जाते. एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा झुलू लागतो आणि गाडीलाही ओढतो.

ट्रेलरचा खरा शत्रू खारे पाणी. समजा मनोरहून महामार्गावरून येऊन तुम्ही थेट खाडीत ट्रेलर मागे घेतला. चाकांचे हब धावून तापलेले असतात. आतली हवा गरम, ग्रीस पातळ. हब थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारे पाणी आत खेचले जाते. त्या दिवशी काही दिसत नाही. पण महिनाभराने बेअरिंग गंजलेले असते आणि चाक रस्त्यात जाम होते. उपाय सोपा आहे. किनाऱ्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबावे, हबला हात लावून तो निवाल्याची खात्री करावी, तेवढ्यात शिडे-दोर लावून घ्यावेत. परतल्यावर गोड्या पाण्याने ट्रेलर धुवावा आणि ग्रीस वेळेवर बदलावे. सांगाडा गॅल्व्हनाइज केलेलाच हवा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात चांगला फॅब्रिकेटर शोधणे अवघड नाही, ही आपली मोठी सोय.

डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर पाहावे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला टेकली तर तिची पोलादी दोरी धरून उभा असलेला माणूस वाचत नाही. डोलकाठी पाण्याच्या काठाशी, तारांपासून दूर उभी करायची आणि त्यानंतर ट्रेलर रस्त्यावर दहा पावलेही न्यायचा नाही, हा नियम मोडू नये.

होडी घेण्यापूर्वी टेप घेऊन आवारातली जागाही मोजा. १८ फुटी होडी ट्रेलरच्या दांड्यासह २२ फुटांवर जाते, आणि गाडीसाठी आखलेली जागा बहुधा १६ फुटांची असते. जूनच्या तोंडावर होडी जी घरी येते ती नारळी पौर्णिमेपर्यंत घरीच राहणार. एवढे दिवस ती कुठे उभी राहील, हे सोसायटीशी आधीच बोलून घ्यावे. पावसाळ्यात तळाचे बूच काढून ठेवावे आणि नाळ थोडी उंच ठेवावी, म्हणजे आत पाणी साचत नाही.

गुडघे, खांदे आणि पाठ

या वयात होडी चालवणे जड जात नाही. जड जाते तिच्यात चढणे. म्हणून होडी पाहायला गेल्यावर पाच कामे स्वतः करून पाहा. डोलकाठी एकट्याने उभी करा. शीड अर्धे गुंडाळा. इंजिन उचलून जागी बसवा. तीन-चार अश्वशक्तीचे पुरेसे होते आणि ते दोन हातांत उचलते. तासभर सुकाणू धरून बसा आणि पाठ काय म्हणते ते ऐका. शेवटी कमरेएवढ्या पाण्यातून होडीत चढा. शिडीशिवाय चढता आले नाही तर शिडी बसवल्याशिवाय ती होडी घेऊ नका. पत्नी किंवा मित्र सोबत येणार असतील तर त्यांनीही हीच कामे करून पाहावीत. पाण्यात पडलेल्या माणसाला होडीत घेण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

लाइफ जॅकेट पिशवीत ठेवायची वस्तू नाही. खाडीत पाय टाकण्यापूर्वी ते अंगावर चढलेले असावे. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा धोका लाटेपेक्षा मोठा असतो. माणशी किमान चार लिटर पाणी, रुंद टोपी आणि सावलीची ताडपत्री हवीच.

नवमीचा एक दिवस

निवडलेली होडी कशी उपयोगी पडते ते एका सफरीवर तपासू. सातपाटीहून दक्षिणेला अर्नाळा सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे १६ सागरी मैल. होडीचा कमाल वेग तिच्या पाण्यावरच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ गुणिले १.३४. सोळा फुटांना तो ५.३६ नॉट, ताशी सुमारे १० किलोमीटर. प्रत्यक्षात सरासरी ४ नॉट धरावी. प्रवाह नसेल तर चार तास. आता समजा उधाण आहे आणि प्रवाह २ नॉट. पाठीशी असेल तर दोन तास चाळीस मिनिटे. समोरून असेल तर आठ तास. होडी तीच, हात तेच.

या किनाऱ्यावर भरतीचा प्रवाह उत्तरेकडे जातो, ओहोटीचा दक्षिणेकडे. अर्नाळ्याला ओहोटीबरोबर जायचे. अमावास्येला भरती बाराला, म्हणजे ओहोटी बारा ते सहा. दुपारचे खारे वारे वायव्येकडून, तेही पाठीशी. ऐकायला छान, पण पोचाल तेव्हा वैतरणेच्या मुखाशी उधाणाचे पाणी वेगाने उतरत असेल.

नवमीला मात्र भरती पावणेसातच्या सुमारास. खाडी भरलेली असताना सातला निघायचे. सकाळचे मतलई वारे जमिनीकडून, म्हणजे डाव्या हाताने येतात. शिडाला ही बाजू सोयीची. ओहोटीचा मंद प्रवाह पाठीशी. शिरगाव, माहीम, केळवे डावीकडे मागे पडत जातात. अकराच्या आत अर्नाळ्यासमोर पोचता, तेव्हा ओहोटी संपायला अजून अवकाश असतो. भांगाच्या भरतीला खाडीत पाणी कमी चढते ते खरे, पण वीतभर पाण्यावर चालणाऱ्या होडीला ते पुरते.

आणि परत? दुपारनंतर भरतीचा प्रवाह उत्तरेला नेईल, पण वायव्येचा वारा समोरून येईल. वारा आणि प्रवाह एकमेकांसमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, अंग खिळखिळे होते. इथे ट्रेलर आपली किंमत वसूल करतो. मुलाला किंवा मित्राला ट्रेलर घेऊन अर्नाळ्याला बोलवा आणि होडी रस्त्याने घरी आणा. वारा पाठीशी घेऊन एकीकडेच जाणे, हा ट्रेलरवाल्याचा हक्क आहे. धक्क्याला बांधलेल्या मोठ्या नौकेच्या मालकालाही तो मिळत नाही.

समुद्र सर्वांचा, म्हणून शिस्त

होडीची नोंदणी आणि परवानगी यांसाठी खरेदीपूर्वीच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन लेखी माहिती घ्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातून आले होते. तेव्हापासून अनोळखी होडीकडे लक्ष ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. निघताना सागरी पोलिसांना व गावातल्या मच्छीमार संस्थेला कल्पना द्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे. तारापूर अणुऊर्जा केंद्रासमोरचा भाग मार्ग आखतानाच वगळावा. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या बाजूला जाण्यापूर्वी कामाची ताजी माहिती घ्यावी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक होडीत ठळक लिहून चिकटवावेत. परदेशी पुस्तके उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे सुचवतात. आपल्याकडे ती परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो, म्हणून ती परस्पर मागवू नयेत.

घेण्याआधी

आपल्याकडे अशा होड्या दुकानात मांडून ठेवलेल्या नसतात. जुनी शोधावी लागते किंवा आराखडा विकत घेऊन बांधावी लागते. बांधणार असाल तर प्लायवूड आयएस ७१० मानकाचे घ्या आणि कडा इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी प्लायवूडमध्ये कडेनेच शिरते. पण पैसे मोजण्याआधी एक हंगाम शिकण्यात घालवा. मुंबईच्या नौकाक्लबात किंवा प्रशिक्षण संस्थेत शिडाचे प्राथमिक धडे घ्या. भरतीची वही ठेवा. सातपाटीच्या, मुरब्याच्या तांडेलांशी बोला. खडक कुठे आहेत, गाळ कुठे सरकला आहे, हे छापील नकाशापेक्षा त्यांना ताजे ठाऊक असते. त्यांच्या धंद्याच्या वेळेत त्यांची वाट अडवू नका, म्हणजे ते मनापासून सांगतील.

मग होडी घ्या, आणि मनात असेल त्यापेक्षा एक आकार लहान घ्या. मोठ्या होडीला मुहूर्त लागतो, चार माणसे लागतात, दिवस लागतो. लहान होडी नवमीच्या पहाटे दोघांनी ओढून नेता येते आणि दुपारी जेवायला घरी परतता येते. नोकरीच्या वर्षांनी आपल्याकडून जे घेतले, ते म्हणजे आठवड्यातले असे मोकळे दिवस. ते आता हातात आहेत, आणि जी होडी त्यांतले जास्तीत जास्त दिवस पाण्यावर घालवू देईल, तीच आपली.